खिसेझडती

श्यामसुंदर : खुर्चीच्या टोकावर का बसलायस? पूर्ण खुर्ची दिली आहे, पूर्ण वापर.

दिग्विजय : सॉरी सर.

श्यामसुंदर : सॉरी कुणाला? या क्षणी मी श्यामसुंदर मास्तर नाही, भोपाळच्या लष्करी निवड बोर्डाचा कर्नल आहे. सोमवारी खरा कर्नल समोर असेल आणि त्याला तुझी दया यायचं काही कारण नाही. मघाचा प्रश्न पुन्हा. तू आणि तुझा मित्र रानातून महत्त्वाचा निरोप घेऊन निघाला आहात. वाटेत मित्राला चालवेना. काय करशील?

दिग्विजय : मित्राला सावलीत बसवतो, पाणी देतो, फर्स्ट एड देतो, पुढे जाऊन निरोप वेळेत पोचवतो आणि मदत घेऊन परत येतो.

श्यामसुंदर : घोकंपट्टी उत्तम आहे. मीच शिकवलंय म्हटल्यावर असणारच. पण इतक्या घाईत बोललास की मित्र नीट टेकायच्या आतच तू निघालास असं वाटलं.

दिग्विजय : सर, किती वाजले?

श्यामसुंदर : उमेदवार वेळ विचारत नाही. भिंतीवर घड्याळ आहे, ते पाहण्याचीही परवानगी नाही. का, गाडी चुकतेय?

दिग्विजय : नाही सर. ऊन चढलंय, म्हणून.

श्यामसुंदर : मे महिन्यात ऊन चढतं. शासनाला कळवू. वडील काय करतात?

दिग्विजय : रावसाहेब, सर. म्हणजे वडिलांचं नाव. खडकीला दारूगोळा कारखान्यात फिटर आहेत. आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो.

श्यामसुंदर : बहीण?

दिग्विजय : दीपमालाताई. हडपसरला कॉल सेंटरमध्ये आहे. रात्रभर अमेरिकेतल्या लोकांशी बोलते.

श्यामसुंदर : माझा मुलगा अमेरिकेत आहे, तो कुणाशीच बोलत नाही. असो. कर्नल विचारणारच, बहीण एसीत बसून घर चालवते आणि तू ढुंगणाला माती लावून का फिरतोस? कॉम्प्युटर का शिकला नाहीस?

दिग्विजय : सर, मला लहानपणापासून युनिफॉर्मचं अ‍ॅट्रॅक्शन आहे. सकाळचा बिगुल ऐकतच मी मोठा झालो.

श्यामसुंदर : बिगुल काढून टाक. गेल्या वर्षी मी तो सगळ्यांना वाटला होता. बोर्डाचे कान किटले असतील. बरं, सगळ्यांत जवळचा मित्र कोण?

दिग्विजय : साई, सर.

श्यामसुंदर : आपला साई? मालनबाईंचा?

दिग्विजय : हो सर. ते लोक यवतमाळकडचे. त्याचे बाबा गेल्यावर काकू त्याला घेऊन विश्रांतवाडीला आल्या. सॉफ्टवेअरच्या पोरांचे डबे करतात.

श्यामसुंदर : माझाही करतात. त्यांच्याच पोळ्यांवर जगतोय मी. मित्राचा एक दोष सांग.

दिग्विजय : तो थांबत नाही, सर. झेपत नसलं तरी थांबत नाही.

श्यामसुंदर : आणि गुण?

दिग्विजय : तोच, सर.

श्यामसुंदर : अरे वा. हे मी शिकवलेलं नाही. हे स्वतःचं बोललास.

आप्पासाहेब : मास्तर, चालू द्या तुमचं. मी आपला दारात टेकतो.

श्यामसुंदर : या सुभेदार. पळवण्याचे मालक तुम्ही, बोलवण्याचा मी. तुमच्या चेल्याचं लक्ष आज नांदायला गेलंय. काय पाजलंत सकाळी?

आप्पासाहेब : पाजतोय काय, वेताळ टेकडीला घातलं समद्यांना. पाठीवर वाळूची पिशवी, खाणीला वळसा घालून खाली. ह्यो गडी सगळ्यांत पहिला आला. असला टाइम ह्याच्या बापानं सायकलवर पन दिला नसंल. शाबास.

दिग्विजय : थँक यू, सर.

आप्पासाहेब : आता नको म्हनतो तरी सांगतो, ते साई मातुर कामातनं गेलं. पायथ्याला आलंच न्हाई. पल्याडनं त्या कंपुटरवाल्यांच्या इमारतीकडनं उतरून गुमान घरी पळालं असनार. उद्यापासनं त्याला फॉल-इन न्हाई. आपला कायदा हाय, मधनं सुटला तो सुटला. त्याच्याकडं मागं वळून बघायचं न्हाई.

श्यामसुंदर : तोही सोमवारी भोपाळला जाणार होता ना? वयात बसतोय तो ह्याच खेपेला.

आप्पासाहेब : मग ते त्यानं बघावं. वयाला लाज असती तर पळाला नसता.

दिग्विजय : तो पळाला नाही, सर.

आप्पासाहेब : तुला काय म्हाईत? तू तर पुढं होतास.

दिग्विजय : आम्ही बरोबर होतो. खाणीपर्यंत. तो म्हणाला, तू हो पुढे, मी येतो मागून.

श्यामसुंदर : असं म्हणाला.

दिग्विजय : हो सर.

श्यामसुंदर : उभा होता की बसला होता?

दिग्विजय : बसला होता.

श्यामसुंदर : कुठे?

दिग्विजय : खाणीच्या मागे, दगडाच्या आडोशाला. सावली होती तिथे.

श्यामसुंदर : पाणी दिलंस?

दिग्विजय : हो सर.

श्यामसुंदर : आणि पुढे निघून वेळेत पोचलास.

दिग्विजय : हो सर.

श्यामसुंदर : मग उत्तरातला शेवटचा भाग तेवढा राहिला, दिग्विजय. मदत घेऊन परत जाण्याचा.

आप्पासाहेब : एक मिनिट मास्तर. काय झालं हुतं त्याला? पाय मुरगळला?

दिग्विजय : नाही सर.

आप्पासाहेब : चक्कर?

दिग्विजय : नाही. बरं वाटत होतं त्याला नंतर. आता घरी गेला असेल तो.

आप्पासाहेब : नंतर म्हंजी कशाच्या नंतर? आनि मघापासनं उजवा हात खिशात का हाय तुझा? हात बाहीर काढ.

दिग्विजय : सर, इंटरव्ह्यू चालू आहे.

आप्पासाहेब : हात बाहीर. आता मूठ उघड.

श्यामसुंदर : हे काय आहे?

आप्पासाहेब : दम्याचा पंप हाय, मास्तर. रामदास म्हनून एक पोरगं हुतं, त्याच्यापाशी असलाच निघाला हुता होळीच्या सुमाराला. त्याच दिशी घरी धाडला मी त्याला. पर ह्याला दमा कुठला? घोड्यावानी पळतोय.

दिग्विजय : साईचा आहे.

आप्पासाहेब : साईचा तुझ्या खिशात कसा आला?

दिग्विजय : पळायच्या आधी तुम्ही सगळ्यांचे खिसे उलटे करायला लावता ना सर. माझे नाही बघत. मी लीडर आहे म्हणून.

आप्पासाहेब : म्हंजी रोज?

दिग्विजय : रामदासला काढलंत त्या दिवसापासून. त्याला कधीतरीच लागायचा, धूळ उडाली तर. मी शेजारीच पळायचो. नजर टाकली की मी द्यायचो, तो मारून परत द्यायचा. मेडिकलला काही कळत नाही म्हणाला. फक्त तुम्हाला कळायला नको होतं.

श्यामसुंदर : आज काय झालं?

दिग्विजय : खाणीजवळ ट्रकांची धूळ होती, सर. त्यानं दोनदा मारला. मग पुन्हा मारला. मग बसला. मी म्हटलं, थांबतो. तर तो म्हणाला, जा, तुझा टाइम जाईल, आप्पा सरांना सांगू नको, माझं नाव कटेल.

आप्पासाहेब : हे येवढं सगळं तोंडानं म्हनाला?

दिग्विजय : त्याचं म्हणणं तेच होतं, सर.

आप्पासाहेब : मी इचारतोय. तोंडानं म्हनाला का हातानं?

दिग्विजय : हातानं. असा हात केला, जा म्हणून. बाकीचं मला माहीतच होतं, आमचं ठरलेलंच होतं ना.

श्यामसुंदर : आणि पंप?

दिग्विजय : मी त्याच्या हातातून घेतला. सवयीनं, सर. रोज घेतो तसा. खाली तुम्ही उभे असणार, त्याचे खिसे पुन्हा बघाल असं वाटलं. मी काही विचार नाही केला. पळायला लागलो.

श्यामसुंदर : पळताना काय घातलं होतंस?

दिग्विजय : सर?

श्यामसुंदर : कपडे कुठले होते?

दिग्विजय : हाफ पँट. पीटीची.

श्यामसुंदर : ही फुल पँट आहे. हिला इस्त्री आहे. अंगाला साबणाचा वास येतोय तुझ्या, भांगसुद्धा पाडलायस. मग पंप या खिशात कसा आला?

दिग्विजय : आंघोळ करून आलो, सर.

श्यामसुंदर : मी रागावत नाहीये. मला फक्त समजून घ्यायचंय.

दिग्विजय : घरी कपडे बदलताना हाताला लागला.

श्यामसुंदर : तेव्हा कळलं.

दिग्विजय : हो सर.

श्यामसुंदर : आणि तरी इकडे आलास.

दिग्विजय : उशीर झाला की तुम्ही आत घेत नाही, सर. त्या दिवशी अवधूतला पायरीवरून परत पाठवलंत. म्हणालात, बोर्ड कुणासाठी थांबत नाही. मी आधी साईच्या घरी जाणार होतो. पण काकूंना विचारलं असतं की साई आला का, तर त्यांना कळलं असतं तो आला नाही म्हणून. मला वाटलं, उतरला असेल तो. नेहमी उतरतो. इंटरव्ह्यू झाला की पंप द्यायला जाईन.

आप्पासाहेब : मास्तर, किती वाजलं?

श्यामसुंदर : बघू नका घड्याळाकडे. निघा.

आप्पासाहेब : ऊठ. बस मागं गाडीवर. ह्ये पायताण काढून बूट घाल.

दिग्विजय : बूट घरी आहेत, सर.

आप्पासाहेब : मग अनवानी चल. जागा दाखीव मला. नेमका दगड दाखीव. त्या खाणीत दगडाला तोटा न्हाई, आनि आवाज दिला तर त्याला ओ देता येनार न्हाई.

दिग्विजय : सर, तो उतरला असेल ना?

आप्पासाहेब : उतरला असता तर पायथ्याला मीच हुतो की रं. घंटाभर हुतो तिथं. वरनं दोनदा हाक आल्यागत झालं, मी म्हनलं मोर असंल. वळून बघायचं न्हाई म्हनून माझीच मान वळली न्हाई.

श्यामसुंदर : सुभेदार, बोलत उभे राहू नका. अँब्युलन्सला मी फोन करतो. गाडी कुठपर्यंत चढेल?

आप्पासाहेब : वेताळाच्या देवळापातुर. तिथनं फुडं उचलूनच आनावा लागनार. त्यांना सांगा, वरच्या देवळाशी थांबा. आनि पंप घे लेका, टेबलावर काय ठेवतोस परत. मुठीत धर. खिशात घालू नको.

(फटफटीचा आवाज दूर जातो. श्यामसुंदर अँब्युलन्सला पत्ता सांगून फोन खाली ठेवतात, तोच तो पुन्हा वाजतो.)

श्यामसुंदर : हॅलो. हो, वरच्या देवळापाशीच, मघाशी सांगितलं ना.

मालनबाई : मास्तर, मी मालन बोलून राहिली जी. शेजारच्या पीसीओवरून.

श्यामसुंदर : मालनबाई. बोला.

मालनबाई : तुमचा डबा आज उशिरा येईन, तेच सांगाले फोन केला. डबे तर साईच पोचवते ना सायकलीनं. तो आलाच नाही अजून. समदे डबे भरून ठेवले मी, वरण थंडं होऊन राहिलं.

श्यामसुंदर : डब्याचं राहू द्या.

मालनबाई : राहू द्या कसं, तुम्ही गोळ्या घेता जेवनावर. तुमच्याकडंच असन तो, नाही? परीक्षेचं सांगत होता काही. दिग्विजय गेला तुमच्याकडं, तर हा बी गेला असन म्हटलं. दिग्विजयले पाह्यलं मी मघा, रिक्षातून उतरून राहिला होता तुमच्या गल्लीच्या तोंडाशी. हाक मारली तर खाली पाहून निंगून गेला. पोरायले टेन्शन हाये जी.

श्यामसुंदर : हो. टेन्शन आहे.

मालनबाई : मी तर सकाळी रागावली त्याच्यावर. म्हटलं, बापू, तुह्या छातीचं तुले माहीत हाये, काहून इतकं पळतं? त्या हडपसरच्या मोठ्या ऑफिसात शिपाई लागला तरी सावलीत बसशीन. तो पाया पडला आन् गेला.

श्यामसुंदर : मालनबाई, माझं जरा ऐका.

मालनबाई : रागवू नका त्याच्यावर, मास्तर. तुमच्यापासून लपवून ठेवलं त्यानं, पर आता सांगतेच. पंप लागते त्याले. रोज उशीखाली ठेवते. मी आत्ता उशी उचलून पाह्यली, तर तेथं नाही. म्हनजे सोबत नेला त्यानं. तेवढं पाह्यलं आन् जिवाले बरं वाटलं. पंप जवळ हाये ना, मंग मले काही घोर नाही.

श्यामसुंदर : शेगडीवर काही आहे का तुमच्या?

मालनबाई : हाये ना, भात हाये. काहून?

श्यामसुंदर : जाऊन गॅस बंद करा.

मालनबाई : होऊन राहिला जी आता, दोन मिनिटं लागतीन.

श्यामसुंदर : असू द्या. कच्चा राहिला तरी असू द्या. गॅस बंद करा, पायात चपला घाला आणि दारात उभ्या राहा. मी रिक्षा घेऊन येतोय.