अक्काताईंच्या विहिरीची पाहणी

वकिलाला तोंडघशी पाडायला समोरचाच वकील लागतो असं नाही हो, आपला पक्षकारही पुरतो. मी सांगलीत वकिली करतो. एका गावात केमिकल कारखान्याचं सांडपाणी विहिरीत उतरलं होतं. पाणी तांबूस, वर फेस. ते वापरून अक्काताईंचे हात कोपरापर्यंत सोलून निघाले होते. त्यांच्या नावानं दावा लावला आणि खेटे घालून घालून पाहणीसाठी कोर्ट कमिशनर मिळवला.

पाहणीच्या दिवशी कमिशनरसाहेब, कारखान्याचा वकील आणि मी विहिरीत डोकावलो, तर पाणी एकदम नितळ! कारखान्याचा वकील गालातल्या गालात हसला. मी अक्काताईंना बाजूला घेतलं.

"अक्का, हे काय?"

"मोटर लावून समदी उपसली, टँकरचं पाणी वतलं. वरनं ब्लिचिंग टाकलं."

"अहो, ती घाणच तर दाखवायची होती!"

"घाण कारखान्याची आसंल, पर विहीर आमची हाय न्हवं? कोर्टाचं सायेब दारात येनार, आमाला लाज न्हाई व्हय?"

पुन्हा अर्ज केला, पुन्हा पाहणी मागून घेतली. तारीख कळवताना बजावलं, "अक्का, या खेपेला विहिरीला हात लावायचा नाही."

"न्हाई लावत," त्या म्हणाल्या. "पर सायबास्नी च्याला थांबवू नगा. ती विहीर बघितल्यावर आमच्या घरचा च्या कोन पिईल?"