कॉफीच्या झाडाखाली झालेली लेक

माझं नाव शेवंता, सासर अळणावरच्या पलीकडं, जंगलातल्या कॉफीच्या मळ्यावर. गोऱ्या साहेबानं रान तोडून कॉफी लावली तवा आमच्या आजेसासऱ्यानं खड्डे खणले, मग सासरा राबला, मग नवरा, आणि मी लगीन होऊन आले ती पहिल्याच थंडीत कमरंला बुट्टी बांधून लाल फळं तोडायला लागले. माझी धाकटी जाऊ तुळसा माझ्या मागनं दोन वर्सांनी आली, तिला तोडायला मीच शिकवलं.

आता मळा बंद. साहेबाच्या बंगल्याला रंग दिलाय, हेरिटेज म्हणत्यात त्याला, हुबळी-धारवाडची माणसं गाड्या करून बघाय येत्यात, आणि व्हरांड्यात खुर्चीवर बसून त्यांना जुन्या गोष्टी कोण सांगतं? तुळसा. काय सांगू तुम्हाला, बंगल्याचा म्यानेजर गोष्टी सांगणारं माणूस शोधत आला तवा मी लेकीकडं हुबळीत विद्यानगरला गेलते, तेवढ्यात हिनं जागा धरली. नवं इरकल नेसते, लोक फोटो काढत्यात. अवो, मी तिच्या दुप्पट फळं तोडायची आणि फोटो हिचा!

ते बी सोसलं असतं. पण शेजारीण येऊन म्हणाली, अक्का, तुळसा सांगते, कॉफीच्या झाडाखाली तिला पोरगी झाली. तुळसाला पोरबाळ नाही. झाडाखाली झाली ती माझी कमळा, आता हुबळीत मास्तरीण हाय.

तशीच उठले, बंगल्यावर चालत गेले. पंधरा-वीस माणसं बसलेली आणि ही म्हणते, माझ्या लेकीला मी बुट्टीत घालून पळाले. मी मधीच उभी राहून म्हटलं, खोटं बोलतीया, लेक माझी हाय. तुळसानं मान खाली घातली, मग खुर्चीवरनं उठली. हौदु, खरं हाय, लेक अक्काची. बस अक्का, तूच सांग.

मी बसले. तोंड उघडलं आणि काय सांगू, पुढचं काय आठवंनाच. कळा आठवत्यात, मग शुद्धच गेलती माझी. नाळ कुणी कापली, पोरगी कवा रडली, मला कुठं ठाऊक? सगळी माझ्याकडं बघत व्हती. शेवटी मीच म्हटलं, तुळसा, सांग की पुढं. ती माझ्या मागं उभी राहून सांगत गेली, आणि मला तवा कळलं, कमळा जन्मली ती रडलीच नव्हती. हिनं तिच्या तोंडात फुंकर घातली, दिवसभर तोडलेली फळं मातीत ओतली, रिकाम्या बुट्टीत तिला ठेवून बंगल्याकडं पळाली, तिथल्या पायरीवर पोरगी रडली.

मी म्हटलं, मला कधी बोलली नाहीस ग?

म्हणाली, तू कधी इचारलंस?

म्यानेजरनं दुसरी खुर्ची आणली, आता दोघी बसतो. जळणं गेलं म्हणाल तर नाही. रविवारी कमळा भेटाय येते, लांबूनच आधी चिक्कव्वा, म्हंजी धाकटी आई, म्हणून तुळसाला हाक मारते, मग मला, सख्ख्या आईला, अव्वा, तवा अजून चटका बसतो हितं. देव तुळसाला लय आयुष्य देवो, माझ्यातलं बी थोडं घालो. फक्त पोरीनं एकदा तरी आधी अव्वा म्हणावं, बाकी काय नको मला.