शेतात दारं कुठली?

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय मारुतराव, पुण्याहून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे आणि आमच्या कथास्पर्धेचे मुख्य परीक्षक डॉ. इंद्रजीत सर, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते घोड-भीमा साहित्य मंडळाचे मावळते कार्याध्यक्ष हौसराव आप्पा, आणि जेवणाचा वास येऊ लागला तरी जागा न सोडणाऱ्या शिरूर-दौंडच्या रसिक बंधू-भगिनींनो,

मी अनुपमा, पाबळची. स्पर्धेची तिसरी परीक्षक. आप्पांविषयी चार गोड शब्द बोलायला मला सांगितलंय. बोलते. तीनच गोड निघाले, तर चौथ्याचं सांभाळून घ्या.

आप्पांनी मंडळाला काय दिलं? आंतरराष्ट्रीय दर्जा दिला! गेल्या वर्षापर्यंत आपली स्पर्धा दोन तालुक्यांची होती. यंदा टोरांटोहून एक कथा आली, आणि दुसऱ्याच दिवशी फ्लेक्सवर पृथ्वीचा गोळा आला. एसटी स्टँडसमोर तुम्ही तो पाहिलाच असेल. आप्पांचा फोटो त्या गोळ्याहून मोठा आहे.

मग सर, आप्पा आणि मी असे तिघं परीक्षक निवडीला बसलो. नावं झाकलेली, कथांवर फक्त नंबर. टोरांटोच्या कथेतली बाई खिडकीतून बर्फ बघते आणि शेवटपर्यंत बर्फच बघते. सर म्हणाले, "वैश्विक!" आप्पा म्हणाले, "लय वैश्विक." मला थंडी वाजली, एवढं खरं.

दुसऱ्या एका कथेत नवरा रांजणगावला कंपनीत ड्यूटीवर, सासरा मीटिंगला, आणि सून एकटी कांद्याला दारं धरते. पाण्यामागं पळता पळता घरातल्या सगळ्यांशी मनातल्या मनात भांडते. वाचताना माझे डोळे भरून आले हो. सरांनी शेरा मारला, "शेतात दारं कुठली? प्रतीक फसले आहे."

आता काय बोलावं! वाफा भरला की मातीचं दार मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं, याला आपल्याकडं दारं धरणं म्हणतात, हे सांगायला मी तोंड उघडलं. सर म्हणाले, "बाई, बोलीचं नंतर बघू." मी आप्पांकडं बघितलं. खुटबावचा माणूस, उभी हयात दारं धरण्यात गेलेली. आप्पा, खरं सांगा, सरांना एवढा एक शब्द सांगायची तुम्हाला लाज वाटली ना? तुम्ही बिस्किट चहात बुडवलंत आणि म्हणालात, "व्हय, फसलंच हाय प्रतीक." वर आपलाही शेरा जोडलात, "सासरा इतका बिनकामाचा असतो हे पटत नाही." कथा बाद!

राग आला मला. अजून गेलेला नाही.

तुम्ही सत्काराच्या गडबडीत होतात, म्हणून काल निकालाचं पाकीट भरताना नंबरांची नावं मी उघडली. ती कथा खुटबावचीच निघाली. सुवर्णाची. आप्पा, तुमच्या थोरल्या सुनेची.

मी तिला फोन केला. ती म्हणाली, "बाई, नंबराचं ऱ्हाऊ द्या. आप्पांनी वाचली का?" मी व्हय म्हणाले. पुढचं मला सांगवेना.

आज तुमच्या निरोपाला सगळं खुटबाव लोटलंय. सुवर्णा आली नाही. या आठवड्यात शेतीपंपाला दिवसाची लाईट आहे. तुमच्याच कांद्याला दारं धरतीये ती.

आप्पा? अहो आप्पा, कुठं निघालात? सत्कार व्हायचाय अजून! काय म्हणता? मागच्यांना ऐकू आलं नसेल, मी सांगते. आप्पा म्हणतायत, "निकालाचं पाकीट फोडू नगा. पुन्यांदा वाचायचं." ऐकलंत ना सर? आणि मारुतराव, शाल घेऊन त्यांच्या मागं पळू नका. कांद्याच्या वाफ्यात, चिखलात शालीचं काय काम?

असो. मंडळानं मला इथं उभं केलं, त्याबद्दल मनापासून आभार. पुन्हा करतील असं वाटत नाही. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि सर, एखादा शब्द कळला नसेल, तर निकाल लावायच्या आधी विचारा. आम्ही सांगू.