साहेब माझ्याबद्दल फोनवर काय बोलले

काकू, मृणाल, आणि जमलेली सगळी मंडळी.

सेक्टर सहाच्या या हॉलमध्ये आज बसायले जागा नाही. दुर्ग कोर्टातले वकील आहेत, साहेबांचे पक्षकार आहेत, आपली मराठी मंडळी आहेत. माझ्याआधी जे जे बोलले, त्यांना बोलणं जड गेलं. मलेही बोलणं जड जाऊन राहिलं, पण कारण वेगळं आहे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं आपण म्हणतो. आणि खानझोडे साहेबांबद्दल चांगलं बोलायले माझ्याजवळ फार थोडं आहे.

मृणालचा फोन आला, "वंदनाताई, बाबांच्या शोकसभेत तू बोलशील?" मी म्हटलं, "मृणाल, मले नको लावू बोलायले. मी गोड नाही बोलणार." ती म्हणाली, "गोड बोलणारे पुष्कळ आहेत, ताई. जे आहे ते बोल." म्हणून मी उभी आहो. काकू, तुम्हाले त्रास होईल. तुम्ही हात वर केला की मी तिथंच थांबेन.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी वंदना मेश्राम. रुआबांध्याची. बाबा इथल्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर होते. बी.ए. झाली, पॉवर हाऊसजवळच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग आणि स्टेनो शिकली, आणि साहेबांच्या वकिलीच्या ऑफिसमध्ये टायपिस्ट म्हणून लागली. आज रायपूरच्या एका मोठ्या वकिली ऑफिसमध्ये मी मुख्य सेक्रेटरी आहो. आत्ता इथं तीन जणांनी सांगितलं की वंदनाले साहेबांनी घडवलं. त्यातलं अर्धं खरं आहे. ते अर्धं आधी सांगते.

साहेबांनी मले काम शिकवलं. शिकवलं म्हणजे कसं? कागद तोंडावर फेकून शिकवलं. साहेब खोलीत फेऱ्या मारत मारत डिक्टेशन द्यायचे, पाठ माझ्याकडे, तोंड खिडकीकडे. एक शब्द सुटला तर पूर्ण पान पुन्हा. अर्जात मी एकदा फार लाचारीची भाषा घातली, तर म्हणाले, "वंदना, कोर्टात भीक मागून राहिली का तू? मागणी लिही, मागणी!" पक्षकार समोर रडत असला तरी आधी त्याले पुढची तारीख विचारायची, पाणी मग द्यायचं, हेही त्यांनीच शिकवलं. मले ते कधी पटलं नाही. मी आधी पाणीच द्यायची.

आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मले एक गोष्ट बजावली होती. म्हणाले, "टायपिंग तर कोणीही शिकते. या खोलीतली गोष्ट पोटात ठेवता येते का, ते सांग. ते जमलं तर तू सेक्रेटरी. नाही जमलं तर तू मशीन." मले ते वाक्य आवडलं. मी ते धरून ठेवलं. माझ्याच मोहल्ल्यातल्या एका घराचा घटस्फोटाचा मामला माझ्या हातून टाइप झाला, पण माझ्या आईले तो बातमी म्हणून शेजारणीकडूनच कळला. आई रागावली, "तुले माहीत होतं न? सांगितलं कावून नाही?" मी म्हटलं, "आई, ते माझं नव्हतं सांगायचं."

वर्षं गेली. ई-फायलिंग आलं. साहेबांनी कॉम्प्युटरले कधी हात लावला नाही, ज्युनिअर लोकांना कंटाळा. मी शिकली. कोणत्या मामल्याची मुदत कधी संपते, कोणता अर्ज कोणत्या कोर्टात, कोर्टातल्या कोणत्या बाबूले कसं बोलायचं, सगळं माझ्याकडे आलं. मी साहेबांना म्हटलं, "साहेब, आता मले सेक्रेटरी म्हणा. टायपिस्टचं काम मी कधीच मागे टाकलं." साहेब हसले. म्हणाले, "नावात काय आहे? तू तर घरची आहे."

घरची. मंडळी, हा शब्द आज या हॉलमध्ये किती वेळा आला! नोकरी करणाऱ्या बाईले जेव्हा कोणी घरची म्हणते न, तेव्हा समजून घ्यावं की तिले वर जाऊ द्यायचं नाही.

मग रायपूरच्या ऑफिसले लीगल सेक्रेटरी पाहिजे असल्याचं कळलं. मी रजा घेतली, कुम्हारीवरून जाणाऱ्या बसमध्ये बसली आणि मुलाखतीले गेली. तिथल्या शुक्ला मॅडमनं मले एका किचकट मामल्याचे कागद दिले, म्हणाल्या, यांची तारखेनुसार मांडणी करून दाखवा. मी केली. त्या पाहत राहिल्या. म्हणाल्या, "आप कब से आ सकती हैं?" मी येताना सेक्टर सहाच्या मार्केटमधून पेढे घेऊनच घरी गेली.

त्यानंतर काहीच नाही. फोन नाही, निरोप नाही. मी केला तर कोणी धड बोले ना. शेवटी शुक्ला मॅडमनं स्वतःच बोलावलं. दार लावलं आणि म्हणाल्या, "वंदना, किसी और से सुनोगी तो बुरा लगेगा. इसलिए मुँह पर बता रही हूँ." त्यांनी साहेबांना फोन केला होता. रीतच आहे, नवीन माणूस घेताना जुन्या ठिकाणी विचारतात. आणि साहेब म्हणाले होते, "लड़की होशियार है. लेकिन पार्टी की बात बाहर ले जाती है."

मंडळी, वकिलाच्या सेक्रेटरीवर यापेक्षा मोठा आळ नाही. तिले हळू म्हणा, तिचं इंग्रजी कच्चं म्हणा, तिले उद्धट म्हणा. तरी तिले काम मिळते. पण ही पक्षकाराची गोष्ट बाहेर नेते, एवढं म्हटलं की संपलं. साहेबांना हे माहीत नव्हतं का? मलेच तर शिकवलं होतं त्यांनी! कुठं मारलं की माणूस पुन्हा उठत नाही, ते त्यांना नेमकं माहीत होतं. तिथंच मारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसमध्ये गेली. पक्षकार बसले होते, ज्युनिअर बसले होते. मी सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, कोणत्या पार्टीची कोणती गोष्ट मी बाहेर नेली?"

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "हळू बोल."

"नाही साहेब. एक नाव सांगा."

नाव नव्हतंच, तर सांगतील काय? मग जे बोलले ते ऐका. "तू गेली असती तर माझं ऑफिस कोणी चालवलं असतं? तुझ्या भल्याचंच आहे. रायपूरचे लोक तुले चार दिवसांत फेकून देतील. इथं इज्जत आहे तुझी."

मी म्हटलं, "आत्ता फोन लावा. माझ्यासमोर. म्हणा, चुकून बोललो."

"मी शब्द फिरवत नाही," साहेब म्हणाले.

तिवारीजी, तुम्ही आत्ता म्हणाले, वंदनाजी हमारे ऑफिस की बेटी थीं. तुम्ही त्या दिवशी तिथंच होते. भिंतीजवळच्या ज्युनिअरच्या टेबलावर. मी तुमच्याकडे पाहिलं होतं. एक शब्द पुरला असता, "साहेब, हे खरं नाही." तुम्ही मोबाइल पाहून राहिले होते. मान खाली घालू नका, तिवारीजी. तुम्ही एकटे नव्हते. पण बेटी नका म्हणू.

मी त्याच दुपारी नोकरी सोडली. आणि तो शब्द माझ्याआधी सगळीकडे पोचला. दुर्गले कोणी ठेवलं नाही. ज्या बाबू लोकांना मी नावानं ओळखायची, ते मले पाहून दुसरं बोलायले लागले. आई म्हणाली, "साहेबांचे पाय धर, परत घेतील." बाबा कमी बोलायचे. ते फक्त म्हणाले, "नाही धरायचे." मी कुम्हारीले हायवेवरच्या एका दुकानात भाडेपट्टे आणि शपथपत्रं टाइप करत बसली. मागं ट्रकचा आवाज, वर पंखा, समोर जो येईल तो. एवढं शिकून मी तिथं आली होती.

तिथून मी शुक्ला मॅडमना पुन्हा भेटली. म्हटलं, "मले कोणत्याही फाइलजवळ नका बसवू. पण काम द्या. स्वतःच्या डोळ्यांनी पाहा." त्यांनी घेतलं. दाराजवळ जागा दिली. मी आत गेली की बोलणारे गप्प व्हायचे. फाइल उघडी असली तर हात ठेवायचे. चहा घ्यायले बसली तर विषय बदलायचे. किती महिने! तुम्ही कधी अशा खोलीत काम केलं आहे का, जिथं तुम्ही आले की सगळे गप्प होतात? घरी येऊन मी कोणाशीच बोलत नव्हती. मोहल्ल्यातल्या लग्नाले गेली नाही, बौद्ध विहारात गेली नाही. वाटायचं, कोणाशी बोलताना दिसली तर म्हणतील, पाहा, सांगून राहिली.

मग एक दिवस मॅडमनं फाइलींच्या कपाटाची किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि पुढच्या कामाले लागल्या. तिथून मी वर आली. त्यांनीच मले पुढं मुख्य सेक्रेटरी केलं.

साहेब गेल्या वर्षी कामानिमित्त आमच्या ऑफिसमध्ये आले होते. मले पाहून सगळ्यांसमोर पाठीवर हात ठेवला. "ये मेरी तैयार की हुई है!" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही यांना फोनवर काय सांगितलं होतं, तेही सांगा." साहेब हसले. "अजून तिथंच आहे का तू?" असं म्हणून लिफ्टमध्ये गेले. तीच शेवटची भेट.

हो साहेब. मी अजून तिथंच आहो.

एक सांगते आणि थांबते. आमच्याकडे सरिता नावाची मुलगी होती, माझ्या हाताखाली तयार झालेली. तिनं बिलासपूरले, हायकोर्टाच्या एका ऑफिसमध्ये अर्ज केला. मागच्या महिन्यात तिथून मले फोन आला. मुलगी कशी आहे? माझ्या टेबलावर कामाचा ढीग होता, आणि ती गेली तर माझे हात तुटणार होते. मी त्या ढिगाकडे पाहिलं. त्या क्षणात मले साहेब पूर्ण कळले. एक वाक्य, आणि मुलगी जाग्यावर राहते. कोणाले काही कळत नाही.

मी म्हटलं, "ले लीजिए. ऐसी लड़की फिर नहीं मिलेगी."

फोन ठेवला. लोक म्हणतात, समोरच्याची अडचण समजली की राग शांत होतो. मंडळी, माझा तर वाढला. कारण मले कळलं, खरं बोलणं किती सोपं होतं.

काकू, तुम्ही हात वर केला नाही. मी तुमची आभारी आहो. मृणाल, तुझे बाबा गेले. बाप गेल्यावर घर कसं होते, ते मले माहीत आहे.

आता सगळ्यांनी उभं राहावं. आपण शांतता पाळू. मीही तुमच्यासोबत मान खाली घालीन. काकूंसाठी घालीन, मृणालसाठी घालीन.

साहेबांसाठी तुम्ही घाला.