शोध भाचीचा, सही मामाची

...नाही, पण मी म्हणतो, शोध लावायचाच होता तर फुकटात लागणारा लावायचा ना! तुम्हाला सांगतो, माझी भाची, सख्ख्या बहिणीची मुलगी, चांगली इंजिनिअरची नोकरी सोडून भाड्याच्या गाळ्यात कंपनी काढून बसली. कसली? तर जमिनीखालचा पाइप कुठे गळतोय ते वरून ऐकणाऱ्या यंत्राची! यंत्र तयार? छे! संशोधन चालू! संशोधन कशावर? कर्जावर! आणि जामीन कोण? मी! माझं चष्म्याचं दुकान तारण!

म्हटलं, "अगं, पैसेवाले भागीदार मिळतात ना?"

तर म्हणते कशी, "आला होता एक. म्हणे, निम्मी कंपनी द्या, संशोधन थांबवा, आहे तेच विका. मामा, कर्ज फेडलं की बँक जाते हो, भागीदार जात नाही!"

काढलं पेन, केली सही!

पहिल्या यंत्राला ट्रक गेला तरी गळती ऐकू यायची, कुणी शिंकलं तरी गळती! पैसे संपले. पोरीनं स्वतःचा पगार बंद केला... हाताखालच्यांचा नाही हं! आणि पुन्हा बँकेत. साहेब म्हणाले, "मॅडम, यंत्र चालत नाही, गिऱ्हाईक नाही, आणखी कर्ज देऊ कशावर?" हिनं काय करावं? पिशवीतून सुधारलेलं यंत्र काढलं, कानाला लावलं आणि केबिनमध्ये चक्क पालथी पडली! "साहेब, तुमच्या खुर्चीखाली गळतंय." मी तर डोळेच मिटले! साहेब चाचरत, "पाण्याचं बिल वाढतंय खरं, पण..." प्लंबर आला, फरशी उचलली... आणि खाली डबकं! कर्ज मंजूर! जामीन कोण? मी!

पुढे पाणीपुरवठा खात्यानं यंत्रं घेतली, पोरीनं पै न पै फेडली, दुकान सुटलं. आता म्हणते, गॅसची गळती ऐकणारं यंत्र करायचं. पुन्हा संशोधन, पुन्हा कर्ज! मी आपला पेन काढून तयार... तर साहेब हसून म्हणतात, "मामा, पेन ठेवा. आता यांच्या पेटंटवरच कर्ज देतो आम्ही. जामीन नको."

नको? मला आनंद व्हायला हवा होता की नाही? पण छातीत कसं रिकामं रिकामं झालं हो! शेवटी हळूच विचारलं, "साहेब, निदान साक्षीदार तरी लागत असेल ना एखादा?"