चला म्हणायचं असतं

उल्का : पण गाडीवाल्यांच्या ईमेलमध्ये सेव्हन-सीटर का लिहिलंय? नीसपासून नेपल्सपर्यंत आपण दोघंच जातोय ना?

शशिधर : तेच सांगणार होतो. काल नाशिकहून दादाचा फोन आला. बोलता बोलता म्हटलं, आम्ही समुद्राकाठानं गाडीनं जातोय, तू आणि वहिनीपण चला.

उल्का : आणि ते हो म्हणाले.

शशिधर : थोरल्या भावाला ट्रिपचं सांगायचं आणि चला म्हणायचं नाही, बरं दिसतं का ते?

उल्का : आपण चला म्हणायचं असतं, त्यांनी नको म्हणायचं असतं. इतकी वर्षं असंच चाललंय की.

शशिधर : नको म्हणाला तो. दोनदा म्हणाला. मीच आग्रह केला.

उल्का : तुम्ही?

शशिधर : त्यांच्या व्हिसाला वेळ लागणार, म्हणून जूनचं ऑगस्टवर नेलंय. हॉटेल्स कॅन्सल करून किचनवाले फ्लॅट्स घेतले. चातुर्मासात वहिनींना कांदा-लसूण चालत नाही, बाहेर काय खाणार त्या?

उल्का : म्हणजे समुद्राकडे पाठ करून मी मुगाची खिचडी लावायची.

शशिधर : रोज नाही गं.

उल्का : आणि गाडीत पुढे दादा.

शशिधर : मागे बसलं की त्याला मळमळतं.

उल्का : दर समरला म्हणायचात, पुढच्या वर्षी नक्की पॉम्पेई. मग आईंचा गुडघा निघायचा, नाहीतर कुणाची तरी मुंज. तुमची सगळी ॲन्युअल लीव्ह लंडनहून नाशिकला जाण्यातच गेली. मी कुरकुर केली कधी?

शशिधर : नाही केलीस.

उल्का : हनिमूनला महाबळेश्वरलासुद्धा आई होत्या, दादा-वहिनी होते. तेव्हाही हसले मी. आता तुम्ही रिटायर झालात, आपली लेक ईरा तिच्या घरी सुखात आहे, म्हणून दोन आठवडे मागितले. दोघांचे. आणि दादा नको म्हणत असताना तुम्ही आग्रह केलात. का, ते सांगा.

शशिधर : तू चिडशील.

उल्का : चिडलेच आहे. सांगा.

शशिधर : हॉस्पिटल होतं तोवर कळलं नाही. ऑन-कॉल संपवून यायचो, तू ताट झाकून ठेवलेलं असायचं, झालं. आता रोज बघतो. ब्रेकफास्ट झाला की तू मागच्या काचेच्या कन्झर्व्हेटरीत, मी वरच्या खोलीत. बोलायला काही सुचतच नाही. दोन आठवडे एका गाडीत नुसते आपण दोघं... मला भीती वाटली, उल्का.

(किटली उकळून आपोआप बंद होते. दोघंही उठत नाहीत.)

शशिधर : काहीतरी बोल.

उल्का : बोलायचं सगळं त्या दोन आठवड्यांसाठी ठेवून दिलं होतं मी.

शशिधर : मी दादाला आत्ता फोन करतो. नको सांगतो. त्याला म्हणतो, खरं कारण असं आहे की...

उल्का : नको. बोलावलंय तर जा तुम्ही तिघं, मी इथे पिनरच्या घरीच बरी. आणि हे कारण त्यांना सांगू नका. एवढं तरी आपल्या दोघांत राहू दे.