बारा फोनांची पेटी

तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे शिवणकामाच्या कारखान्यातल्या दोघी होत्या. थोरली पुढे, धाकटी तिच्यामागे चार हात अंतर सोडून.

"अगं, जवळ ये की. मधे कुणीतरी घुसेल."

"बरी आहे मी इथे, ताई."

"सकाळी फोनवर त्या कोरोनाच्या ॲपचा काय मेसेज आला, माहितेय? म्हणे, काल आठ तास तुम्ही बाधित व्यक्तीच्या शेजारी होता. आठ तास! मी मशीनवरून मान वर करत नाही."

"तुम्ही नव्हता, ताई. फोन होता. सुपरवायझर दारातच सगळ्यांचे फोन पेटीत टाकून घेतात ना? दिवसभर बाराच्या बारा फोन एकमेकांना खेटून."

"अगोबाई! म्हणजे आपल्यातलीच कुणीतरी."

"ॲप नाव सांगत नाही."

"नको सांगू दे. मी सगळ्यांना विचारलं. माझ्यासकट अकरा जणींना मेसेज आलाय. तू तेवढी राहिलीस. दाखव बघू तुझा."

"राहू दे ना."

"का गं? दाखव की."

"ताई, नाव कुणालाही कळणार नाही असं लिहिलं होतं त्यात. म्हणून मी खरं ते भरलं."

"अगं बाई गं!"

"आज परत तपासून घेतेय. सुपरवायझरला सांगू नका. गेल्या महिन्यात याच कारणावरून दोघींना काढलंय त्यांनी."

"मी कशाला सांगू? पण अकरापर्यंत सगळ्यांनाच मोजता येतं, बाळ."

"...ताई, फोनमध्ये काय करताय?"

"ॲप काढून टाकतेय. तपासणीला आता माझाच नंबर आहे ना."